यंत्रमानव कोणाच्या चाकरीत?

कोकणात नोकरी या शब्दाचा अर्थ घर सोडणे असा आहे. दाभोळ, धोपावे, वेलदूर, अंजनवेल या वाशिष्ठी खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बोटींवर आणि पुढे आखाती देशांत गेली. त्यांच्या मनीऑर्डरींवर मागची घरे चालली. चाकरमानी हा शब्दच मुळी जाणाऱ्या माणसासाठी घडला आहे. ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी या अर्थव्यवस्थेने शब्दही घडविला नाही. पोलिओने पाय गेलेला मुलगा, स्नायू क्षीण होत चाललेली तरुणी, माडावरून पडून कंबरेखाली लुळा झालेला बागायती मजूर अशी माणसे प्रत्येक वाडीत आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक आहे, जो कोणत्याही यादीत सापडत नाही. चार माणसांसमोर उभे राहण्याच्या भीतीने मुंबईची नोकरी सोडून परतलेला, माजघराबाहेर न येणारा पदवीधर. पहिल्या तिघांना गाव बिचारे म्हणते आणि या चौथ्याला आळशी म्हणते. चौघांच्याही श्रमशक्तीची किंमत मात्र शून्यच धरली जाते.

या शून्याला आव्हान देणारा एक प्रयोग जपानमध्ये झाला आहे. समाजवादी चळवळीने त्याची दखल घेणे आवश्यक आहे. टोकियोच्या निहोनबाशी भागात जून 2021 मध्ये एक उपाहारगृह कायमचे सुरू झाले. त्याची पहिली चाचणी नोव्हेंबर 2018 मध्ये झाली होती. तेथे गिऱ्हाइकाची मागणी विचारणारे, पेय आणून देणारे आणि दोन शब्द बोलणारे यंत्रमानव आहेत, पण ते स्वतःच्या बुद्धीने चालत नाहीत. प्रत्येकामागे एक जिवंत चालक आहे. तो शेकडो मैलांवर आपल्या घरात, बहुधा अंथरुणावर असतो. यंत्राच्या डोळ्यांनी तो पाहतो, यंत्राच्या तोंडून स्वतःच्या आवाजात बोलतो आणि या कामाचे वेतन घेतो. चालकांपैकी काहींचे मज्जातंतूंच्या विकाराने हातपाय निकामी झालेले आहेत. त्यांपैकी ज्यांना नजरेखेरीज काहीच हलविता येत नाही, ते नजरेने यंत्र चालवितात. हे यंत्र बनविणारे केन्तारो योशिफुजी शाळकरी वयात आजारपणामुळे काही वर्षे शाळेपासून आणि माणसांपासून तुटलेले होते. एकाकी माणसाला दुसरे शरीर मिळाले तर तो समाजात परतेल, ही कल्पना त्या अनुभवातून आली. जपान सरकारच्या 2022 च्या पाहणीनुसार त्या देशात 15 ते 64 वयाचे सुमारे 14 लाख 60 हजार लोक असे घरात कोंडून घेतलेले जीवन जगत होते.

हे वर्तमान चळवळीत सांगितले की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात, आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली प्रतिक्रिया जुन्या, तावूनसुलाखून निघालेल्या कार्यकर्त्यांची. यंत्रमानव म्हणजे भांडवलदाराचे खेळणे. एक यंत्र आले की दोन पोरांच्या हातची कपबशी गेली. कोट्यवधी बेकारांच्या देशात असले चोचले कशाला, असे ते म्हणतात. या म्हणण्यामागे इतिहास आहे. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचा घाट 1960 च्या दशकात घातला गेला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि त्या काळी ती भीती अनाठायी नव्हती. परंतु सर्व यंत्रे एका मापाने मोजणे हा विचार नव्हे, ती सवय झाली. माणसाला कामावरून काढणारे यंत्र वेगळे आणि ज्याला कामापर्यंत पोहोचताच येत नव्हते त्याला तेथे नेणारे यंत्र वेगळे. चाकाच्या खुर्चीला कोणी कामगारविरोधी म्हणत नाही. दूरनियंत्रित यंत्रमानव ही, निदान टोकियोच्या त्या उपाहारगृहात तरी, लांब हाताची चाकाची खुर्ची आहे.

आनंदवनाचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. समाजाने गावाबाहेर टाकलेल्या, बोटे झडलेल्या माणसांनी वरोऱ्याच्या खडकाळ जमिनीत विहिरी खणल्या, पिके काढली, माग चालविले. दोष हातांत असतो तितकाच अवजारातही असतो, कारण अवजार धडधाकट हाताचे माप घेऊन बनविलेले असते, हे तेथे प्रत्यक्ष दिसले. कोकणातच सिंधुदुर्ग जिल्ह्यात नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने ‘स्वप्ननगरी’त अपंगांनी काजूप्रक्रियेचा उद्योग चालविला. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून हे काम करीत आल्या. केरळात 2018 मध्ये ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र गटारात उतरले. ते रस्त्यावर उभे राहून चालवायचे असते आणि ते चालविण्याचे शिक्षण पूर्वी स्वतः गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांनाच देण्यात आले. तेच काम, तोच कामगार, पण जीव धोक्याबाहेर. अशा यंत्राला विरोध करणारा कोणाचे हित पाहतो?

मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, 1977 ते 1979 या काळात, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. गादीचे तंत्रज्ञान जुनेच होते, पहिल्या वर्गात ते कधीचेच पोहोचले होते. कोकणातून निवडून गेलेल्या या समाजवाद्याने फक्त ते कोणाच्या पाठीखाली जावे एवढे ठरविले. यंत्रमानवाबाबतही प्रश्न याच जातीचा आहे.

दुसरी प्रतिक्रिया अधिक घातक आहे, कारण ती आशावादाचा वेष घेऊन येते. नव्या पिढीतील काही सहानुभूतीदार, स्वयंसेवी संस्थांचे चालक आणि अर्थातच सरकारी अधिकारी म्हणतात की आता तंत्रज्ञानच अपंगांचा प्रश्न सोडवील. उद्योजक पुढे येतील, बाजार आपली वाट काढील, शासनाने फक्त आडवे येऊ नये. अर्थशास्त्राच्या प्राथमिक हिशेबातही हे म्हणणे टिकत नाही. उपाहारगृहाच्या मालकापुढे तीन पर्याय असतात. धडधाकट पोऱ्या ठेवावा. यंत्र आणि त्यामागे अपंग चालक ठेवावा. किंवा यंत्र ठेवून त्यामागे जगात जेथे सर्वांत स्वस्त मिळेल तेथला माणूस बसवावा. मजुरी स्वस्त आणि यंत्र महाग असलेल्या आपल्या देशात पहिला पर्यायच नफ्याचा ठरतो. दुसरा पर्याय बाजार आपण होऊन कधी निवडणार नाही. निवडलाच तर उद्‌घाटनाच्या छायाचित्रापुरता निवडील. आणि यंत्र स्वस्त होईल त्या दिवशी तो थेट तिसऱ्यावर उडी मारील.

हे भाकीत नाही, असे घडू लागले आहे. त्याच जपानमध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या शीतकपाटांत बाटल्या लावणारी यंत्रे 2022 पासून बसविण्यात आली. बाटली पडली, यंत्र अडले, की दूरचा माणूस त्याचा ताबा घेतो. हा माणूस जपानमधला अपंग नव्हे. तो फिलिपाइन्सच्या मनिला शहरातील धडधाकट, शिकलेला तरुण आहे. एकेक जण अनेक यंत्रांवर नजर ठेवतो आणि त्याला जपानी कामगाराच्या मानाने फारच थोडा पगार मिळतो. अमेरिकेतील बर्कली शहरात रस्त्यावरून खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या छोट्या गाड्यांना 2019 च्या सुमारास कोलंबियातून वाट दाखविली जात होती. शरीर एका देशात आणि मजुरीचा दर दुसऱ्या देशातला, अशी ही सोय आहे. त्यातही आणखी एक मेख आहे. मनिलातील चालकाने यंत्र सावरताना केलेली प्रत्येक हालचाल नोंदली जाते आणि त्या नोंदींवर पुढचे यंत्र चालकाविना चालायला शिकते. म्हणजे कामगार बाटल्या लावीत असतानाच आपली जागा रिकामी करण्याचेही काम करीत असतो, आणि या दुसऱ्या कामाचा मोबदला त्याला मिळत नाही. वरकड मूल्याचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही शोधावे लागेल.

मग टोकियोत अपंग चालक कसे टिकले? योशिफुजी यांच्या कल्पकतेला आणि तळमळीला श्रेय आहेच. परंतु त्यामागे जपानचा कायदाही उभा आहे, आणि त्याचा उल्लेख करण्याचे कौतुक करणारे सहसा विसरतात. त्या देशात खासगी कंपन्यांनाही ठरावीक प्रमाणात अपंगांना कामावर घ्यावे लागते. हे प्रमाण एप्रिल 2024 मध्ये अडीच टक्के करण्यात आले. शंभरावर कामगार असलेल्या कंपनीने ते पाळले नाही तर कमी पडलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 50 हजार येन भरावे लागतात. कायदा म्हणजे रामबाण नव्हे. 2018 मध्ये जपानच्या सरकारी खात्यांनीच अपंग कर्मचाऱ्यांचे आकडे वर्षानुवर्षे फुगविल्याचे उघड झाले होते. तरीही अशा कायद्यामुळे मालकाच्या हिशेबात अपंगाला न घेण्याचीही किंमत दाखल होते, आणि दुसरा पर्याय विचारात घेण्याजोगा ठरतो.

भारतात काय आहे? 2016 च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, त्यांत मानसिक आजारही कायम ठेवला आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेल्या. हे पाऊल पुढचे होते. पण खासगी क्षेत्राकडे वळताच कायद्याचा आवाज खाली येतो. ज्या मालकाकडे किमान पाच टक्के अपंग असतील त्याला शासनाने आपल्या ऐपतीप्रमाणे सवलती द्याव्यात, एवढेच तो म्हणतो. सक्ती नाही, दंड नाही. सरकारी भरती आटत चालली आणि कंत्राटी पद्धत वाढली की चार टक्के हे दरवर्षी लहान होत जाणाऱ्या आकड्याचे चार टक्के राहतात. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. त्यांत काम करणारे सुमारे 36 टक्के होते आणि स्त्रियांत हे प्रमाण जेमतेम 23 टक्के होते. मध्यंतरी शासनाने त्यांना ‘दिव्यांग’ हे नवे नाव दिले. नाव बदलायला अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.

यंत्राने दिलेले काम यंत्रानेच काढून घेतल्याचा एक अनुभव आपल्याकडेही आहे. एके काळी बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत दूरध्वनी जोडून देण्याचे काम ही शिकलेल्या अंधांची हक्काची जागा होती. चेहरा न पाहता केवळ आवाज ओळखून शेकडो क्रमांक तोंडपाठ ठेवणारी ही माणसे त्या कचेऱ्यांचा कणा होती. दूरनियंत्रित श्रमाचा हा आपला पहिला मोठा प्रयोग म्हणता येईल. त्याला यंत्रमानव म्हणण्याची कोणाला गरज वाटली नाही, इतकेच. पुढे स्वयंचलित केंद्रे आली, घरोघर, खिशोखिशी फोन आले आणि ती जागा संपली. ज्यांच्यामागे कायम नोकरीचे संरक्षण होते त्यांना दुसऱ्या टेबलावर बसण्याचा हक्क सांगता आला. नंतर आलेल्यांसाठी टेबलच उरले नाही. यंत्रमानवाचा चालक कायम नोकरीत असेल की तासावर राबणारा ‘भागीदार’ असेल, हा प्रश्न म्हणून आजच विचारायला हवा. खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या मुलांना कंपन्या कामगार मानीत नाहीत, भागीदार मानतात. ज्या अपंगाला आजारपणाची रजा इतरांपेक्षा अधिक लागणार, त्याला अशी भागीदारी देणे म्हणजे बुडत्याला शेअर विकण्यासारखे आहे.

आता दाभोळकडे परत यावे. परदेशी यंत्र आले म्हणजे गावाचे भले होते, हे या खाडीकाठाला यापूर्वी एकदा सांगून झाले आहे. प्रकल्पाला नाव दाभोळचे दिले, जमीन मात्र पलीकडच्या गुहागर तालुक्यातली घेतली. डिसेंबर 1993 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी करार झाला. वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे वीज मंडळाने द्यावेत, हिशेब डॉलरशी बांधलेला असावा आणि त्याला केंद्र सरकारची प्रतिहमी असावी, असा तो करार होता. मृणाल गोरे यांच्यासारखे नेते आणि वेलदूर-अंजनवेलचे मच्छीमार, शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांना विकासाचे शत्रू ठरविण्यात आले आणि 1997 मध्ये वेलदूरच्या बायाबापड्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. 1999 मध्ये सुरू झालेला प्रकल्प मे 2001 मध्ये बंद पडला आणि डिसेंबरमध्ये मूळ कंपनीच अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. मुख्य आक्षेप यंत्रांवर नव्हता.  वाईट होता तो करार. नफा एकाचा आणि जोखीम सगळ्या महाराष्ट्राची, अशी त्याची मांडणी होती.

उद्या एखादी कंपनी जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रमानव घेऊन येईल. अपंगांना रोजगार हे तिचे ब्रीद असेल. नगरपालिकेने किंवा रुग्णालयाने महिन्याला इतके भाडे द्यावे, यंत्र वापरले जावो वा न जावो. चालक कंपनी नेमील, त्याचा दर कंपनी ठरवील, नोंदी कंपनीच्या मालकीच्या राहतील. असा कागद पुढे आला तर दाभोळच्या माणसाने तो ओळखायला हवा. अक्षर बदलले असेल, मायना तोच असेल.

आणखी एका धोक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्यांना अपंग माणूस आपल्या शेजारच्या टेबलाशी नकोच आहे, त्यांना हे यंत्र फार सोयीचे आहे. काम घरून होत असेल तर कचेरीला उतरण कशाला बांधायची? एस.टी.ची पायरी खाली कशाला आणायची? फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकाची खुर्ची जावी म्हणून खर्च का करायचा? दापोली तालुक्यातल्याच पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केले, ते अस्पृश्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून. महाद्वाराबाहेर चोखोबाची समाधी शतकानुशतके होतीच आणि बाहेरून हात जोडायला कोणाची ना नव्हती. गुरुजींनी बाहेरच्या दर्शनाची अधिक चांगली सोय मागितली नाही, दार उघडा म्हटले. यंत्रमानव हे बाहेरून दर्शन घडविण्याचे साधन होणार असेल तर समाजवाद्यांना त्यात रस असण्याचे कारण नाही. ज्याला कोणत्याही उपायाने घराबाहेर येता येत नाही त्याच्यासाठी यंत्र हवे. ज्याला उतरणीच्या चार हात सिमेंटने बाहेर येता येईल त्याच्यासाठी आधी सिमेंट हवे. आणि माणसांच्या भयाने घरात बसलेल्याला यंत्रातून बोलता बोलता एक दिवस स्वतः धक्क्यावर यावेसे वाटले, तर ती वाटही मोकळी असली पाहिजे. त्याचे भय हाच कंपनीचा कायमचा कच्चा माल होऊ नये.

मागायचे काय, हे यातून स्पष्ट व्हावे. महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या कायद्याने काम हा हक्क मानला आणि शहरातल्या पगारदारांवरील व्यवसाय करातून त्याचा खर्च उभारला. पण ती हमी खडी फोडू शकणाऱ्या, माती उपसू शकणाऱ्या शरीराची होती. ज्याच्या शरीराला ते झेपत नाही त्याला 1980 मध्ये संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळाले. एकाला हक्क आणि दुसऱ्याला अनुदान, ही विभागणी मोडण्याची संधी या यंत्राने प्रथमच दिली आहे. खासगी उद्योगांवर अपंगांना कामावर घेण्याची सक्ती, ती न पाळणाऱ्यावर आकार आणि त्या पैशातून सार्वजनिक मालकीची यंत्रे, असा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाकडे मागता येतो. यंत्रे चालविणारी सहकारी संस्था चालकांचीच असावी, नोंदी तिच्या मालकीच्या असाव्यात आणि काम गिऱ्हाइकाला कॉफी देण्यापुरते नसावे. तालुक्याच्या रुग्णालयात रुग्णाला योग्य खिडकीशी नेणे, एस.टी. स्थानकावर चौकशी सांभाळणे, विषयशिक्षक नसलेल्या शाळेत गणित शिकविणे ही कामे कोकणात पडून आहेत. त्यांतल्या निम्म्या कामांना यंत्रमानवही लागणार नाही. पडदा, ध्वनिक्षेपक आणि भरवशाचा तारसंपर्क पुरेल. भरवशाचा हा शब्द महत्त्वाचा आहे. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. खांब उभे राहिल्याशिवाय यंत्रमानव उभा राहणार नाही.

हा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर कार्यकर्त्यांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च केली पाहिजे, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी ती तीन टक्के होती. बहुतेक गावांत ही रक्कम कोठे जाते हे अपंगांनाच ठाऊक नसते. वर्षाअखेरीस काही वस्तू वाटल्या जातात आणि खाते मिटते. येत्या ग्रामसभेत दाभोळच्या कार्यकर्त्यांनी या रकमेचा तीन वर्षांचा लेखी हिशेब मागावा. त्याआधी वाडीवाडीत जाऊन घराबाहेर न पडणाऱ्यांची यादी करावी, कोणाला काय येते, कोण किती शिकले आहे, कोणाचे प्रमाणपत्र अडले आहे, हे लिहून घ्यावे. यादीत त्या माजघरातल्या पदवीधराचेही नाव असावे. तो ग्रामसभेला येणार नाही, पण त्याच्याकडे फोन असतो. हिशेब आला की तपासायला त्यालाच द्यावा.